अफगाण कुटुंबांना मदत : देणगी द्यावी की त्यांच्या हातची वस्तू विकत घ्यावी?



रवींद्रनाथ टागोरांची 'काबुलीवाला' ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. कुणी ती वाचली असेल, कुणी बलराज साहनींचा १९६१ चा हिंदी चित्रपट पाहिला असेल. १८९२ साली लिहिलेल्या या गोष्टीतला रहमत कोलकात्याच्या गल्ल्यांमधून सुकामेवा विकत फिरतो. छोट्या मिनीत त्याला दूर राहिलेली आपली लेक दिसते. मुलांना गोष्ट सांगताना आपण बहुतेक वेळा इथेच थांबतो, डोळे पुसतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो.

पण त्या गोष्टीत आणखी एक बाब आहे. रहमत कुणापुढे हात पसरत नाही. तो माल विकतो आणि मालाचे पैसे मागतो. आणि शेवटी, तुरुंगातून सुटून आल्यावर, मिनीचे वडील त्याला घरी लेकीकडे जाण्यासाठी पैसे देतात. त्यासाठी मिनीच्या लग्नातली रोषणाई आणि बँडबाजा कमी करतात. म्हणजे एकाच गोष्टीत खरेदीही आहे आणि देणगीही आहे. दोन्हींची वेळ वेगळी, काम वेगळं.

आजच्या अफगाण कुटुंबांना मदत करायची म्हटलं, तर आपल्यापुढेही हेच दोन रस्ते आहेत. वर्गात किंवा पालकसभेत हा विषय निघाला की गोंधळ होतो. "पैसे देऊ या" असं एक जण म्हणतो, "फुकट देण्यापेक्षा त्यांच्या वस्तू घेऊ या" असं दुसरा म्हणतो, आणि तिसरा म्हणतो, "हे सगळं तालिबानच्या खिशात जाणार." या लेखात आपण हे तिन्ही मुद्दे नीट उलगडून पाहू या.

तिथे नेमकं घडलं काय?

१५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानने काबूल ताब्यात घेतलं, हे आपण बातम्यांत पाहिलं. त्यानंतर जे घडलं, ते मात्र फारसं दिसलं नाही.

त्याआधी अफगाण सरकारच्या खर्चापैकी सुमारे तीन चतुर्थांश पैसा परदेशी मदतीतून येत असे. शिक्षकांचे पगार, दवाखाने, रस्ते, सगळं त्यावर चालायचं. ही मदत जवळजवळ एका रात्रीत थांबली. देशाची परदेशातली गंगाजळी गोठवण्यात आली. त्यातले सुमारे ७ अब्ज डॉलर एकट्या अमेरिकेत होते. बँकांसमोर रांगा लागल्या. स्वतःच्याच खात्यातून आठवड्याला २०० डॉलर किंवा २० हजार अफगाणी, यापेक्षा जास्त रक्कम काढता येईना.

इथे एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगावी. त्या हिवाळ्यात काबूलच्या बाजारात पीठ, तेल, तांदूळ दिसत होते. लोकांच्या हातात पैसे नव्हते. उपासमार म्हणजे नेहमी धान्याचा तुटवडाच असतो असं नाही. धान्य विकत घेण्याची ताकद गेली तरी माणूस उपाशी राहतो. अमर्त्य सेन यांनी दुष्काळांचा अभ्यास करून हेच मांडलं आहे. ग्रामीण भागात तर वर दुष्काळही होता.

पुढे संकटं येतच राहिली. जून २०२२ मध्ये पक्तिका, ऑक्टोबर २०२३ मध्ये हेरात आणि ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस कुनार इथे मोठे भूकंप झाले. पाकिस्तान आणि इराणमधून अफगाण लोकांना परत पाठवणं सुरू झालं. एकट्या २०२५ मध्ये वीस लाखांहून अधिक माणसं परतली. त्यातली कित्येक मुलं परदेशातच जन्मलेली होती आणि 'आपला' देश पहिल्यांदाच पाहत होती. त्याच वर्षी सर्वांत मोठा देणगीदार असलेल्या अमेरिकेने मदत थांबवली आणि शेकडो आरोग्यकेंद्रं बंद पडली. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२५ मध्ये सुमारे २ कोटी २९ लाख लोकांना मदतीची गरज होती. म्हणजे देशातल्या साधारण दोघांपैकी एकाला.

आणि मुलींचं काय? तुमच्या शाळेतला सातवीचा वर्ग डोळ्यासमोर आणा. त्यातल्या सगळ्या मुली उठून बाहेर गेल्या आहेत आणि पुन्हा येणार नाहीत, अशी कल्पना करा. अफगाणिस्तानात मुलीचं शिक्षण सहावीला संपतं. २३ मार्च २०२२ ला माध्यमिक शाळा उघडल्या, मुली दप्तरं घेऊन वर्गात बसल्या आणि काही तासांत त्यांना घरी पाठवण्यात आलं. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांची दारं बंद झाली. त्याच महिन्यात महिलांना सामाजिक संस्थांमध्ये नोकरी करायलाही मनाई झाली. लांबच्या प्रवासाला घरातला पुरुष सोबत हवाच, असा नियम आधीच आला होता.

हे सगळं लक्षात घेतलं, तरच पुढचा मुद्दा कळतो. ज्या घरात कमावता पुरुष नाही, त्या घरातल्या बाईला चार भिंतींच्या आत बसून करता येईल असं काम फार थोडं उरतं. विणकाम आणि भरतकाम हे त्यातलं मुख्य.

देणगी काय करते?

देणगीचं पहिलं काम म्हणजे माणूस आजचा दिवस तरून जावा हे. कुपोषित बाळाला पौष्टिक आहार, भूकंपग्रस्तांना तंबू, हिवाळ्यात सरपण आणि पांघरुणं, बाळंतिणीला दाई. अशा वेळी "तुम्ही आधी काहीतरी विणा, मग आम्ही विकत घेऊ" असं म्हणणं हा क्रूरपणा ठरेल. दरड कोसळून घर गेलेल्या बाईच्या घरात मागच उरलेला नसतो.

पण देणगी म्हणजे फक्त पोटाला आधार, असंही नाही. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचं काबूलमधलं कृत्रिम अवयव केंद्र हे याचं फार चांगलं उदाहरण आहे. इटलीचे फिजिओथेरपिस्ट अल्बर्टो कैरो १९९० पासून त्या कामात आहेत. सुरुंगस्फोटात पाय गमावलेल्यांना तिथे नवा पाय मिळतो. तिथले बहुतेक सगळे कर्मचारी पूर्वी स्वतः तिथले रुग्ण होते. पाय बसवून देणारा माणूसच कृत्रिम पायावर उभा असतो! शिवाय छोटा धंदा सुरू करण्यासाठी अपंगांना तिथे लहान कर्जंही दिली जातात. देणगीतून सुरू झालेलं काम माणसाला कमावतं करण्यापर्यंत कसं जातं, ते इथे दिसतं.

पालकांच्या तीन शंका

पहिली शंका : "हे पैसे तालिबानला नाही का मिळणार?" ही शंका रास्त आहे, तिला हसू नये. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि रेड क्रॉस यांचा पैसा सरकारी तिजोरीत जमा होत नाही. त्या स्वतः किंवा सहकारी संस्थांमार्फत थेट लोकांपर्यंत पोहोचतात. डिसेंबर २०२१ मध्ये सुरक्षा परिषदेने मानवी मदतीला निर्बंधांतून सूट दिली, ती याचसाठी. तरीही स्थानिक अधिकारी यादीत नावं घुसवण्याचा, कामात ढवळाढवळ करण्याचा प्रयत्न करतात, अशा तक्रारी झालेल्या आहेत. म्हणजे धोका शून्य नाही. पण तो टाळायचा म्हणून मदतच थांबवली, तर उपाशी राहतं ते मूल. सत्तेवर बसलेला माणूस उपाशी राहत नाही.

दुसरी शंका : "आपल्याकडे गरीब कमी आहेत का?" नाहीत. शेजारच्या मुलाची फी भरणं तुम्हाला अधिक गरजेचं वाटत असेल, तर ते जरूर करा. दोन्हींत भांडण लावायचं कारण नाही. आपल्या देशानेही ५० हजार टन गहू देण्याचं जाहीर केलं आणि २०२२ मध्ये त्याचे ट्रक अटारी सीमेवरून पाकिस्तानमार्गे रवाना झाले. आपल्याकडे गरीब उरले नाहीत म्हणून तो गहू पाठवला नव्हता.

तिसरी शंका : "घरात जुने कपडे, खेळणी खूप आहेत, ती पाठवू का?" मनापासून विचारलेला प्रश्न आहे, पण उत्तर 'नको' असं आहे. ते पाठवण्याचा खर्च बहुधा कपड्यांच्या किमतीपेक्षा जास्त होतो. सीमेवर माल अडकतो. आणि तिथल्या शिंप्याच्या, दुकानदाराच्या पोटावर पाय येतो. त्याऐवजी पैसे दिले, तर संस्था तिथल्याच बाजारातून गरजेची वस्तू घेते आणि बाजारही चालू राहतो.

देणगी देण्याआधी एवढं पाहा

एक, संस्था तिथे आधीपासून काम करते आहे का? संकट आल्यावर चार दिवसांत उगवलेली पानं आणि फोनवर फिरणारे क्यूआर कोड यांच्यापासून लांब राहा. युनिसेफ, संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था, जागतिक अन्न कार्यक्रम, रेड क्रॉस यांचं काम तिथे जुनं आहे.

दोन, तुमची रक्कम अफगाणिस्तानसाठीच वापरली जाणार की संस्थेच्या सर्वसाधारण निधीत जाणार? दोन्हींत गैर काही नाही, पण आपल्याला ते माहीत असावं.

तीन, खर्चाचा अहवाल खुला आहे का? पावती मिळते का?

चार, अनोळखी माणसाच्या वैयक्तिक खात्यावर कधीही पैसे पाठवू नका, मग त्याने कितीही करुण फोटो पाठवलेला असो.

हातची वस्तू : तिच्यामागे कोण आहे?

आता दुसरा रस्ता. अफगाण हस्तकला म्हटलं की आधी गालिचा आठवतो. उत्तरेकडच्या तुर्कमेन घरांमध्ये जमिनीलगत आडवा माग असतो. त्यावर लोकरीची एकेक गाठ हाताने मारली जाते. मंजिष्ठाच्या मुळांपासून मिळणारा लाल रंग आणि अष्टकोनी नक्षी ही त्यांची जुनी ओळख. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा आल्या आणि काही गालिच्यांवर फुलांच्या जागी रणगाडे, हेलिकॉप्टर, बंदुका दिसू लागल्या. विणणाऱ्या हातांना जे दिसलं, ते गालिच्यावर उतरलं. इतिहासाच्या तासाला याहून बोलकं साधन शोधून सापडणार नाही.

कंदाहारचं 'खामक' भरतकाम वेगळं. त्यात कापडावर आधी चित्र काढत नाहीत. कापडाचे धागे मोजत मोजत रेशमी टाके घालायचे, आणि त्यातून चौकोन, त्रिकोण, चांदण्या उमटतात. पुरुषांच्या शालींवर आणि सदऱ्यांवर हे काम बायका करतात. रंगीना हमीदी यांनी 'कंदाहार ट्रेझर' नावाचा उद्योग उभा केला, तो याच कामावर. बायकांना घराबाहेर पडणं कठीण असलेल्या शहरात त्यांनी काम बायकांच्या घरी नेलं आणि मजुरी त्यांच्या हातात दिली. पुढे ऑगस्ट २०२१ पर्यंत त्या देशाच्या शिक्षणमंत्री होत्या.

काबूलच्या उत्तरेला इस्तालिफ नावाचं कुंभारांचं गाव आहे. निळसर-हिरव्या झिलईच्या मातीच्या भांड्यांसाठी ते प्रसिद्ध. १९९० च्या दशकाच्या शेवटी लढाईत हे गाव जाळलं गेलं, माणसं परागंदा झाली. २००१ नंतर कुंभार परतले आणि त्यांनी पुन्हा भट्ट्या पेटवल्या. २००६ साली सुरू झालेल्या 'टर्कॉइज माउंटन' या संस्थेने काबूलच्या मुराद खानी या जुन्या वस्तीत मातीकाम, लाकूडकाम, दागिने आणि सुलेखन शिकवण्याची शाळा उभी केली.

अशी वस्तू विकत घेतली की तिची मजुरी घरात जाते, आणि तीही उपकार म्हणून नाही. कौशल्याला किंमत आहे हे दिसलं, तर आई ते लेकीला शिकवते. मागणी संपली, तर कला एका पिढीत विसरली जाते.

खरेदीतली मेख

पण "हाताने बनवलेलं आहे" एवढं वाचून भुलू नये. बाईला स्वतः बाजारात जाता येत नाही, तेव्हा माल मधल्या माणसामार्फत जातो. कितीतरी अफगाण गालिचे धुणं-कापणं या शेवटच्या कामांसाठी पाकिस्तानात गेले आणि तिथलेच म्हणून विकले गेले. विणणारी कोण, हे कुणालाच कळलं नाही.

याहून गंभीर गोष्ट आपल्या शिक्षकांच्या जिव्हाळ्याची आहे. शाळा बंद झालेल्या मुली मागावर बसल्या आहेत. कर्त्या मुलीने घरी शिकून चार पैसे मिळवणं वेगळं आणि दहा वर्षांच्या पोरीने दिवसभर मागावर वाकून राहणं वेगळं. दुकानात गालिचा फारच स्वस्त मिळत असेल, तर विचारायलाच हवं, की कमी कोणाला दिलं? कैलाश सत्यार्थी यांनी १९९४ मध्ये 'रगमार्क' हे चिन्ह सुरू केलं. आज ते 'गुडवीव्ह' नावाने ओळखलं जातं. गालिचा बालमजुरीशिवाय विणला आहे, याची तपासणी करून हे चिन्ह दिलं जातं. खरेदी करताना असं चिन्ह पाहावं, विक्रेत्याला विचारावं : कुठे बनलं? कोणी बनवलं? त्यांना मोबदला कसा मिळतो? खरा विक्रेता या प्रश्नांना कंटाळत नाही.

एक गणित वर्गासाठी

सहावी-सातवीच्या मुलांना हे उदाहरण फळ्यावर घालून द्या. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत.

समजा, गालिचा ६ फूट लांब, ४ फूट रुंद आहे. क्षेत्रफळ २४ चौरस फूट, म्हणजे ३,४५६ चौरस इंच. एका चौरस इंचात १०० गाठी धरल्या, तर एकूण गाठी ३,४५,६००. एक बाई दिवसाला ८,००० गाठी मारते असं धरलं, तर सुमारे ४३ दिवस लागतील. तिला या कामाचे ८,६०० रुपये मिळाले, तर रोजची मजुरी किती? २०० रुपये. दुकानात तोच गालिचा ५०,००० ला विकला गेला. मग उरलेले ४१,४०० कुठे गेले?

लोकर, रंग, धुलाई, वाहतूक, कर, दुकानाचं भाडं, मधल्या लोकांचा नफा अशी यादी मुलांकडूनच काढून घ्या. त्यातला कोणता खर्च गरजेचा, कोणता टाळता येईल, यावर बोलू द्या. क्षेत्रफळ, गुणाकार, भागाकार तर होतोच, पण "स्वस्त" या शब्दाकडे मुलं जरा वेगळ्या नजरेने बघू लागतात.

आपल्या आसपास काय करता येईल?

काबूल आपल्याला वाटतं तितकं लांब नाही. आपल्या फोडणीतला हिंग पाहा. कच्च्या हिंगासाठी आपण अफगाणिस्तान, इराण आणि मध्य आशियावर अवलंबून आहोत. भारतात त्याच्या लागवडीचा प्रयोग २०२० मध्ये लाहौल खोऱ्यात सुरू झाला. जर्दाळू, अंजीर यांचीही तीच वाट. पुण्याच्या महाविद्यालयांत तर अफगाण विद्यार्थी वर्षानुवर्षं शिकत आले आहेत. हिंगाच्या डबीवरून तो खोदणाऱ्या माणसापर्यंत आपण पोहोचू शकत नाही, हे खरं. पण धडा सुरू करायला ती डबी पुरेशी आहे.

खरेदीसाठी गालिचाच घ्यायला हवा असं नाही, तो आपल्या खिशाला परवडणारही नाही. दिल्लीत 'सिलाईवाली' ही संस्था अफगाण निर्वासित महिलांकडून कापडाच्या उरलेल्या तुकड्यांच्या बाहुल्या आणि शोभेच्या वस्तू बनवून घेते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेचा 'मेड ५१' हा उपक्रम निर्वासितांच्या हस्तकला बाजारात आणतो. नावातले ५१ म्हणजे १९५१ चा निर्वासितांविषयीचा करार. शाळेच्या बक्षिसांसाठी, वाढदिवसाच्या भेटीसाठी अशा लहान वस्तूंचा विचार करता येईल. फक्त गरज नसताना, दया म्हणून घेऊ नका. आवडली, उपयोगी आहे, म्हणून घ्या. तेव्हाच तुम्ही पुन्हा घ्याल, आणि कारागिराला पुन्हा येणारं गिऱ्हाईक हवं असतं.

मुलांशी बोलताना

रडणाऱ्या मुलांचे फोटो दाखवून सुरुवात करू नका. मुलं घाबरतात, नाहीतर "बिच्चारे" म्हणून सोडून देतात. आधी खामकची नक्षी दाखवा, चौकटीच्या वहीत धागे मोजून ती काढायला लावा. समोरचा माणूस आपल्यापेक्षा कशात तरी हुशार आहे, हे आधी कळू दे. त्याची अडचण नंतर सांगा.

वर्गणी काढली, तर सक्ती नको, आणि कोणी किती दिले याची यादी फळ्यावर तर मुळीच नको. दहा रुपये देणारं मूल आणि काहीच न देऊ शकणारं मूल, दोघांनाही वर्गात मान वर करून बसता आलं पाहिजे. ज्या मदतीतून आपल्याच वर्गातलं एखादं मूल ओशाळं होतं, ती मदत शिकवण्यासारखी नाही.

आणि मुलांना खोटी आशाही दाखवू नका. आपण घेतलेल्या एका बाहुलीने काबूलच्या शाळेचं दार उघडणार नाही. ते दार राजकारणाने बंद केलं आहे आणि तिथूनच उघडावं लागेल. देणगीमुळे एखादं कुटुंब थंडीतून तरून जाईल, खरेदीमुळे एखाद्या घरात स्वतःच्या कमाईचं पीठ येईल. एवढंच. पण दार उघडेल त्या दिवशी त्यातून आत जायला ती मुलगी जिवंत, धड आणि आपल्या हाताच्या कामाचा अभिमान असलेली असायला हवी.

रहमतच्या खिशात एक कागद होता. त्यावर त्याच्या लेकीच्या हाताचा काळा ठसा होता. पुढच्या वेळी वर्गात 'काबुलीवाला' सांगाल, तेव्हा त्या ठशापाशी थोडं थांबा आणि मुलांना विचारा : ती मुलगी आज असती, तर कितवीत असती? आणि तिला शाळेत जाता आलं असतं का?